परदेशात असताना इंदूरच्या घरचा कम्प्युटर आणि त्यावरची परवान्याची सॉफ्टवेअर वापरायची आहेत

राजेंद्रनगर_खतावणी

नमस्कार मंडळी. मी इंदूरला राजेंद्रनगरात राहते आणि घरूनच हिशेबाचं, करविवरणाचं काम करते. काही दुकानं आहेत, एक-दोन ट्रस्ट आहेत, एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. जूनच्या शेवटी मुलीकडे न्यू जर्सीला जायचं आहे. तिचं बाळंतपण आहे, त्यामुळे दिवाळीपर्यंत तिकडेच राहणार. अडचण अशी की जुलै ते सप्टेंबर हाच आमचा सर्वांत धावपळीचा काळ. शिवाय जीएसटीच्या विवरणांची, म्हणजे जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि ३बी ची २० तारीख दर महिन्याला येणारच.

घरच्या मशिनवर तीन गोष्टी अशा आहेत ज्या उचलून लॅपटॉपवर नेता येत नाहीत. पहिली हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅलीप्राइम, सिल्व्हर, म्हणजे एका वेळी एकाच मशिनवर चालणारी. दुसरी कंपनीच्या संचालकांच्या डिजिटल सहीचा यूएसबी टोकन, तो त्यांनी माझ्याकडेच ठेवलाय. तिसरी म्हणजे देवनागरी फाँटचं जुनं सॉफ्टवेअर, जे मागे डोंगल (परवाना ओळखणारी यूएसबीची कांडी) लावल्याशिवाय उघडत नाही. आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवाची स्मरणिका त्यातच लागते. मशीन विंडोज ११ होम आहे. सकाळी ११ ते संध्याकाळी ६ एक मुलगा येऊन व्हाउचर टाकतो, म्हणजे त्या वेळात मशीन त्याच्याकडे असतं.

कुणी म्हणतं एनीडेस्क (दुरून मशीन चालवायचं ॲप) टाका, झालं. कुणी म्हणतं लॅपटॉपवर सगळं क्रॅक करून देतो. ते मी करणार नाही. लोकांचे हिशेब माझ्याकडे विश्वासाने आहेत, आणि पैसे देऊन घेतलेलं सॉफ्टवेअर असताना चोरीचं कशाला वापरायचं? सरळ मार्गाने कसं जमवता येईल ते सांगा.

शिकागोहून

ताई, मी आईबाबांचा रामबागेतला कम्प्युटर इथून क्रोम रिमोट डेस्कटॉपने बघतो. फुकट आहे, दोन्हीकडे गूगल खातं लागतं, आणि घरच्या मशिनला किमान सहा आकडी पिन द्यायचा. मशीन रीस्टार्ट होऊन लॉगिनच्या पडद्यावर थांबलेलं असलं तरी आत शिरता येतं. बाबांच्या पेन्शनचे कागद काढायला मला पुरतं.

एक अपेक्षा मात्र आधीच कमी ठेवा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेल्या नसतात. कळ दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंत पाव सेकंदाच्या आसपास जातो. आकडे भरायला चालतं. माउसने काही ओढायचं असेल तर वैताग येतो.

मालव्याचा_पाऊस

राउटरमध्ये ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं दार) उघडा, प्रोव्हायडरकडून स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) घ्या आणि विंडोजचंच रिमोट डेस्कटॉप वापरा. बाकी कुठल्याच ॲपची गरज नाही. आमच्या जुन्या ऑफिसात असंच होतं.

सिल्व्हर_मॉलवाला

वरचा सल्ला कृपा करून कुणी ऐकू नका. मी आर.एन.टी. मार्गावर रोज लोकांची मशिनं दुरुस्त करतो, आणि उघड्या ३३८९ मधून आलेलं रॅन्समवेअर (डेटा अडकवून पैसे मागणारा प्रोग्राम) मी डोळ्यांनी पाहिलंय. व्यापाऱ्याचा सगळा टॅली डेटा कुलूपबंद झालेला, आणि बॅकअपची डिस्क त्याच मशीनला लावलेली, तीही गेली. इंटरनेटवर उघडं असलेलं पोर्ट शोधणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात. २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप नावाची खोट सापडली, तीत पासवर्ड माहीत नसतानाही रिमोट डेस्कटॉपमधून आत शिरता येत होतं. मायक्रोसॉफ्टने तेव्हा बंद पडलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली होती, यावरून धोका किती होता ते समजा.

दुसरं, ताईंचं विंडोज होम आहे. होममधून दुसऱ्या मशीनवर जाता येतं, पण होम असलेल्या मशीनमध्ये रिमोट डेस्कटॉपने बाहेरून येता येत नाही. त्याला प्रो लागतं. तिसरं, घरगुती फायबरवर बहुतेक ठिकाणी सीजीनॅट असतो, म्हणजे एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलेला. राउटरच्या पानावर तुमचा पत्ता १०० ने सुरू होऊन पुढचा आकडा ६४ ते १२७ मध्ये दिसला तर पोर्ट उघडूनही कुणी तुमच्यापर्यंत पोचणार नाही. ही पत्त्यांची पट्टी २०१२ पासून याच कामाला राखून ठेवली आहे.

प्रो घेतलंच, तर टेलस्केलसारखं काहीतरी दोन्ही मशीनवर टाका. ते वायरगार्ड या सुरक्षित खासगी जोडणीच्या पद्धतीवर चालतं, आतून बाहेर जोडणी करतं, त्यामुळे सीजीनॅटची अडचण येत नाही आणि जगाला एकही पोर्ट दिसत नाही. रिमोट डेस्कटॉप मग त्या खासगी जाळ्याच्या आतून चालवायचं.

पण ताई, कुठलं ॲप हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरावर ठेवेन. आधी हे बघा की प्रत्येक सॉफ्टवेअरचा परवाना कशावर बसलेला आहे. मशीनवर, माणसाच्या लॉगिनवर, की मागे खोचलेल्या डोंगलवर? याच्यावरच सगळं ठरतं. कारण दूरवरून काम करायचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. विंडोजचं रिमोट डेस्कटॉप तुमच्यासाठी वेगळं सत्र उघडतं, आणि घरचा पडदा कुलूप लावून बसतो. क्रोमचं, एनीडेस्क, रस्टडेस्क ही घरी जो पडदा चालू आहे तोच तुम्हाला दाखवतात. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने पहिल्यात तुम्ही दुरून आलेल्या आहात, दुसऱ्यात तुम्ही खुर्चीतच बसलेल्या आहात. बरीचशी डोंगलवाली आणि एका मशीनच्या परवान्याची सॉफ्टवेअर पहिल्या प्रकाराला सरळ नकार देतात.

आणि परवान्याची इतकी काळजी घेताय म्हणून सांगतो, रिमोटच्या ॲपचाही परवाना असतो. टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क फुकट आहेत ती खासगी वापरासाठी. तुमचं काम व्यवसायाचं आहे. ती वापरायची तर पैसे भरून वापरा. रस्टडेस्क मुक्तस्रोत आहे. टेलस्केलचेही वेगवेगळे प्लॅन आहेत, अटी वाचून घ्या.

मकरपुरा_ड्रॉइंग

बडोद्याहून. सिल्व्हर मॉलवाले भाऊ म्हणतात ते आमच्या क्षेत्रात रोज दिसतं. इंजिनियरिंगची पुष्कळ सॉफ्टवेअर फ्लेक्सनेट नावाची परवाना-यंत्रणा वापरतात. एका मशीनला बांधलेला परवाना असेल आणि तुम्ही रिमोट डेस्कटॉपने गेलात, तर उणे १०३ नंबरची त्रुटी येते, अर्थ असा की दुरून आलेल्याला परवानगी नाही. घरी सगळं व्यवस्थित चालत होतं, गावाला गेल्यावर बंद पडलं, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या दहातल्या बहुतेकांचं हेच निघतं. पडदा दाखवणाऱ्या ॲपमधून तेच सॉफ्टवेअर उघडतं. पण उघडतं म्हणून अटीत बसतं असं नाही. करारात दूरच्या वापराबद्दल काय लिहिलंय ते वाचा, नाहीतर विक्रेत्याला मेल टाकून लेखी उत्तर मागा. आम्ही मागितलं, दोन ओळींचं उत्तर आलं, आणि ऑडिटच्या वेळी तेच कामी आलं.

लॉगिनवर बसणाऱ्या सॉफ्टवेअरचा प्रश्नच वेगळा. अडोबीचं वर्गणीवालं दोन मशिनींवर चालू ठेवता येतं, फक्त एका वेळी एकावर वापरायचं. मायक्रोसॉफ्ट ३६५ ची घरगुती वर्गणी एका माणसाला पाच उपकरणांवर चालते. अशांसाठी घरच्या मशीनपर्यंत जायची गरजच नाही, लॅपटॉपवर लॉगिन करा.

लष्करकर

मी ग्वाल्हेरला सीए आहे. माझं लक्ष त्या सहीच्या टोकनवरच अडकलंय.

ताई, संचालकाचा टोकन हिशेब बघणाऱ्याच्या खणात असणं ही आपल्याकडे इतकी रूढ गोष्ट झालीय की कुणाला त्यात खटकतही नाही. मला मनापासून खटकतं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम ४२ सांगतं की सहीची खासगी किल्ली (टोकनमधला गुप्त संकेत) आपल्या ताब्यात राहील याची काळजी ज्याचं प्रमाणपत्र आहे त्याने घ्यायची. आता विचार करा, तुम्ही न्यू जर्सीत, टोकन राजेंद्रनगरच्या मशीनला खोचलेला, पिन तुम्हाला पाठ, आणि मशीनपुढे रोज सात तास तिसराच मुलगा. उद्या त्या सहीने काही भलतंच गेलं तर संचालक आणि तुम्ही, दोघंही उत्तर देऊ शकणार नाही. जायच्या आधी टोकन त्यांच्या हातात परत द्या आणि पिन त्यांना बदलायला लावा. तुम्ही विवरण तयार करून ठेवायचं, त्यांनी आपल्या ऑफिसात बसून सही करायची. दहा मिनिटांचं काम आहे. फोनवर एकदा शिकवलं की पुढच्या महिन्यापासून ते स्वतः करतील.

दुकानदारांना तर टोकन लागतच नाही. प्रोप्रायटर असतील तर ईव्हीसी (ओटीपीने होणारी पडताळणी) चालतं, ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर जातो. कंपनी आणि एलएलपीला (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला) मात्र डिजिटल सही हवीच.

तांत्रिक बाजूही सांगतो, कारण यात आमच्याकडच्या आर्टिकलशिपच्या मुलांचा अख्खा दिवस गेला होता. हे टोकन स्मार्टकार्डासारखे वागतात. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमधून गेलं की घरच्या मशीनला खोचलेला टोकन त्या सत्राला दिसतच नाही, उलट तुमच्या हातातल्या लॅपटॉपला लावलेला दिसतो. ज्याचा स्वतःचा टोकन आहे आणि स्वतःच प्रवास करतो, त्याला हे सोयीचं आहे. टोकन खिशात ठेवा, दोन्हीकडे ड्रायव्हर टाका.

राजेंद्रनगर_खतावणी

लष्करकर, तुमचं पटलं. संचालकांशी आजच बोलले. ते आधी म्हणाले, तुमच्याकडेच राहू द्या ना. कलम सांगितल्यावर तयार झाले. टोकन उद्या देऊन येते.

आता दोन गोष्टी उरल्या. मुलगा कामावर असताना मी आत आले तर काय होईल? आणि लाइटचं काय? पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे वारं सुटलं की लाइट जाते, आणि मशीन बंद झालं तर सुरू कोण करणार? यांना सांगितलं असतं, पण हे माझ्याबरोबरच येताहेत.

सिल्व्हर_मॉलवाला

मुलाचं आधी. पडदा एकच, माउस एकच. तुम्ही आत आलात की दोघांचे हात एकाच माउसवर येतील. पण घड्याळ तुमच्या बाजूने आहे. उन्हाळी वेळेत न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असते. तिकडे सकाळी ९ वाजता बसलात तर इथे संध्याकाळचे साडेसहा, मुलगा घरी गेलेला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात, मग फरक साडेदहा तासांचा. त्याला स्वतंत्र विंडोज खातं द्या, साध्या वापरकर्त्याचं, ॲडमिनचं नाही, आणि जाताना साइन आउट करायची सवय लावा. तुम्ही काम करत असताना घरच्या मॉनिटरवर सगळं दिसतं, म्हणून मॉनिटर त्याने जाताना बंद करून जावा.

एक पर्याय टॅलीचाच आहे. परवाना या मशीनवरून सरेंडर करून लॅपटॉपवर ॲक्टिव्हेट करता येतो. पण मग मुलाला काम करता येणार नाही, म्हणून तुमच्यासाठी तो बाद.

आता लाइट, कारण दूरवरून काम करणाऱ्यांचं बहुतेक वेळा इथेच फसतं. ॲप चांगलं असतं, नेट चांगलं असतं, मशीन मात्र अंधारात पडलेलं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) जा. वीज परत आल्यावर काय करायचं, अशी एक सेटिंग असते, बोर्डाप्रमाणे नाव थोडं बदलतं. ती चालू व्हायच्या बाजूला ठेवा. मग लाइट आली की मशीन आपोआप उठेल. विंडोजमध्ये झोपणं आणि हायबरनेट दोन्ही बंद करा. यूपीएसवर मशीनसोबत राउटर आणि फायबरचा डबाही लावा. लोक मशीनला यूपीएस देतात आणि राउटर भिंतीतल्या प्लगवर ठेवतात, मग मशीन चालू असूनही सापडत नाही. यूपीएस तासभर चालावा अशी अपेक्षा नको. त्याचं काम झटके सोसायचं, आणि बॅटरी संपत आली की मशीन नीट बंद करवायचं. त्यासाठी यूपीएसची यूएसबी वायर मशीनला जोडलेली हवी. टॅली उघडी असताना वीज खाडकन गेली तर डेटा बिघडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

वेक-ऑन-लॅनबद्दल कुणीतरी सुचवेलच. नेटवर्क कार्डाला एक ठरावीक पाकीट पाठवलं की झोपलेलं मशीन उठतं. चांगली सोय आहे, पण ते पाकीट इंटरनेटवरून सहसा राउटरच्या आत येत नाही. घरात दुसरं काहीतरी सतत चालू असावं लागतं, जे आतून ते पाकीट सोडेल. तुमच्यासाठी मशीन चालूच ठेवणं सोपं. मॉनिटर बंद असताना साधा डेस्कटॉप ५० वॅट घेतो असं धरलं तर दिवसाला सव्वा युनिटच्या आत, महिन्याला ३६ युनिट. तेवढं बिल काढून घ्या ग्राहकांकडून!

आणखी एक. किल्ली ज्यांच्याकडे ठेवाल त्या शेजाऱ्यांना बटण कुठलं, राउटर कुठला, एवढं दाखवून ठेवा. कागदावर लिहून मशीनला चिकटवा.

जुना_खिळेजुळारी

ताई, स्मरणिकेचं मी बोलतो. डोंगलचं मला विचाराल तर घरच्या मशीनच्या मागच्या बाजूला लावून ठेवा, पुढच्या पोर्टात नको, येता-जाता धक्का लागतो. आणि जायच्या आधी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून लॅपटॉप जोडून, घरातल्या वायफायवरून नाही, ते सॉफ्टवेअर पडदा दाखवणाऱ्या ॲपमधून उघडतंय का ते पाहा.

पण पुढचा विचारही करा. डोंगल हरवला किंवा जळला की तुमची इतक्या वर्षांची पानं उघडणारच नाहीत, कारण त्या जुन्या फाँटांची लिपी-संकेतावली (कुठल्या अक्षराला कुठला संकेत ते) त्यांची स्वतःची आहे. दुसऱ्या मशीनवर तो मजकूर अक्षरांऐवजी रोमन चिन्हांचा कचरा दिसतो. मी आमच्या इंदुरातल्या जुन्या अंकांचा मजकूर हळूहळू युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनांवर उघडणाऱ्या सर्वमान्य संकेतांत, बदलून घेतोय. कन्व्हर्टर मिळतात, तरी रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी हातानेच तपासावी लागते. यंदा स्मरणिकेचा मजकूर तरी लेखकांकडून युनिकोडमध्ये मागवा. मुद्रितशोधन कुठूनही करता येईल, आणि फक्त शेवटची मांडणी त्या मशीनवर. पुढच्या वर्षी तेही लागणार नाही. तो मजकूर पुढच्या पिढीला उघडता यावा, एवढीच माझी तळमळ.

शिकागोहून

निघण्याआधी गूगल खात्याचे बॅकअप कोड छापून पर्समध्ये ठेवा. दहा कोड मिळतात, प्रत्येक आठ आकडी, एकदाच चालणारा. नव्या देशातून लॉगिन केलं की गूगल खात्री करून घेतं, आणि तेव्हा भारतातलं सिम बंद असेल तर दाराबाहेरच उभं राहावं लागतं. सिमचं रोमिंगही इथूनच सुरू करून घ्या. खात्याला पासवर्डापलीकडची पडताळणी, म्हणजे पासकी किंवा ऑथेंटिकेटर ॲप, लावा. या एका खात्याच्या मागे तुमच्या सगळ्या ग्राहकांचे हिशेब असणार आहेत.

लष्करकर

याला जोडून. घरी येणाऱ्या मुलाला एक गोष्ट ठणकावून सांगा: बँकेतून बोलतोय, पोर्टलवरून बोलतोय म्हणून कुणी फोन केला आणि ॲप टाकून नंबर वाचून दाखवा म्हणालं, तर फोन ठेवायचा. अशाच रीतीने एनीडेस्कचा वापर करून खाती रिकामी होत होती, म्हणून रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीत बँकांना सावध केलं होतं. तुम्ही दुरून मशीन वापरता हे त्याला माहीत असल्यामुळे असा फोन त्याला खरा वाटण्याची शक्यता जास्त. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन, उशीर नाही.

राजेंद्रनगर_खतावणी

न्यू जर्सीहून लिहिते आहे. नात झाली, दोघी छान आहेत.

व्यवस्था अशी ठरली. प्रो घेतलं नाही. टॅली आणि फाँटचं सॉफ्टवेअर दोन्ही क्रोम रिमोट डेस्कटॉपमधून उघडतात, आणि फाँटवाल्या विक्रेत्याने मेलवर लेखी कळवलं की मशीन आणि डोंगल तेच असेल, वापरणारी मीच असेन, तर हरकत नाही. मकरपुऱ्याचे आभार, ते मेल पाठवायचं मला सुचलं नसतं. जीएसटीची फाइल घरच्या मशीनवर तयार करते, क्रोममधूनच ती इकडे उतरवता येते, आणि पोर्टलचं काम लॅपटॉपवर करते. कंपनीची सही संचालक स्वतः करतात. दुसऱ्या वेळी तर त्यांनीच फोन करून विचारलं की ३बी तयार झाली का.

जुलैत एकदा लाइट गेली ती बऱ्याच वेळाने आली. मशीन आपोआप उठलं, पण फायबरचा डबा अडकून बसला. शेजारच्या काकूंनी कागद वाचून तो बंद-चालू केला. टॅलीचा बॅकअप रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर जातो, आणि ती डिस्क मुलगा सकाळी काढून कपाटात ठेवतो, म्हणजे मशीनला काही झालं तरी ती वेगळी राहते.

टॅलीतली कळींची कामं पाव सेकंद थांबत का होईना, नीट होतात. स्मरणिकेच्या पानांवर चित्रं सरकवणं मात्र मी सोडून दिलं, ते मंडळातला एक जण घरी येऊन करतो, मी फक्त मुद्रितं तपासते.

नर्मदेकाठी

उशिरा विचारतोय. माझं मशीन विंडोज १० आहे, ११ त्यावर चढत नाही. असंच रिमोटने वापरू का?

सिल्व्हर_मॉलवाला

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवता येतं, ते नोंदवा आणि त्या मुदतीत मशीन बदलायची तयारी करा. तोवर पोर्ट उघडू नका, आणि मशीन बदलण्याआधी त्यावरच्या प्रत्येक सॉफ्टवेअरचा परवाना कसा सोडवायचा ते विक्रेत्याला विचारून घ्या. जुनं मशीन भंगारात दिल्यावर परवाना सोडवणं अवघड होऊ शकतं. मशीन घेऊन दुकानात या, बसून बघू.